तळे स्वच्छ असल्याबाबत

शहराच्या पूर्वेकडील गोड्या पाण्याचे तळे गेली अकरा वर्षे सातत्याने स्वच्छ आढळून आल्यामुळे त्यास यापुढे संरक्षणाची आवश्यकता उरलेली नाही, सबब ते संरक्षित तळ्यांच्या यादीतून वगळण्यात येत आहे, असे जाहीर प्रकटन पाणवठा खात्याने एका सोमवारी प्रसिद्ध केले. प्रकटनाची भाषा इतकी नेटकी होती की वाचणाऱ्याला तळ्याचे अभिनंदन करावेसे वाटावे. खाली बारीक टायपात असेही म्हटले होते की, वगळल्यानंतर सदर जागेचा 'भरणीयोग्य क्षेत्र' म्हणून विचार करण्यात येईल. म्हणजे तळ्यात माती टाकून त्यावर इमारती बांधण्यात येतील. पण असे सरळ लिहिले तर कुणालाही समजते, आणि मग प्रकटनाला प्रकटन म्हणण्यात अर्थ राहत नाही.

ज्यांनी हे तळे पाहिले होते त्यांना ही बातमी वाचून ठसकाच लागला असता. तळ्यावर कंबरेएवढा फेस असायचा. वारा सुटला की तो उडून रस्त्यावर यायचा आणि कोरड्या ठणठणीत दुपारी गाड्यांचे वायपर चालू व्हायचे. कपडे रंगवण्याच्या कारखान्यांमुळे पाण्याचा रंग दर आठवड्याला बदलायचा. पुढच्या मोसमात बाजारात कुठला रंग चालणार हे जाणकार लोक तळे बघून सांगत. असे असूनही निम्मे शहर हेच पाणी गाळून, औषध टाकून पीत होते, कारण दुसरे नव्हते. मात्र खात्याचा भरवसा डोळ्यांवर नव्हता, आकड्यांवर होता.

प्रकटन सगळ्यांत आधी वाचले ते तळेबाईंनी. त्या एका दैनिकाच्या पर्यावरण प्रतिनिधी होत्या. वर्षानुवर्षे त्या तळ्यांवर लिहीत, म्हणून कचेरीतल्या लोकांनी त्यांना हे नाव ठेवले होते, आणि ते इतके रुळले की पगाराच्या यादीत तेवढे यायचे राहिले होते. आजवर त्यांनी या एका तळ्यावर एकवीस लेख लिहिले होते. प्रत्येक लेखानंतर वाचक म्हणत, "काय सुंदर लिहिता हो!" आणि तळे आणखी थोडे घाण होई. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, फक्त इथे पाणीही धड नव्हते. तरी बाई चिवट. त्यांच्या घरच्या नळाला याच तळ्याचे पाणी येई, आणि ते भरून टाकले की नळाला काय येणार हा प्रश्न त्यांना सुटत नव्हता.

त्या तडक खात्याच्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथला सहायक निवृत्तीला टेकलेला, सज्जन माणूस होता. त्याच्या टेबलावर काचेच्या पेटीत एक यंत्र ठेवलेले होते आणि पेटीवर स्वच्छ रुमाल घातलेला होता.

"पाणी याच्यावरच मोजता ना?" तळेबाईंनी विचारले.

"याच्यावरच. बाहेरून मागवलंय. फार नाजूक आहे बिचारं."

"मग तळं स्वच्छ कसं निघतं? मी आत्ता तिकडूनच येतेय. माझ्या चपला बघा."

सहायकाने चपला पाहिल्या, खिडकी लावून घेतली आणि खुर्ची पुढे केली. "बाई, तुम्हाला म्हणून सांगतो. हे घाण पाण्यात चालत नाही. दोनदा तळ्याचं पाणी घातलं, दोनदा त्याची सुई जळाली. वरून लेखी तंबी आली की, यापुढे यंत्र अशुद्ध पाण्यात बुडवू नये."

"अहो, पण ते अशुद्ध पाणी मोजण्यासाठीच आहे ना?"

"त्यासाठीच आहे. फक्त त्यात बुडवायचं नाही."

"मग बुडवता कशात?"

सहायकाने कपाट उघडले. आत दुकानात मिळतात तशा बंद पाण्याच्या बाटल्या रांगेने मांडल्या होत्या. "दर महिन्याला नवी बाटली फोडतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात प्रामाणिक माणसाचा अभिमान होता. "अकरा वर्षांत शिळं पाणी एकदाही वापरलं नाही. आणि तक्त्यात 'नमुन्याचे ठिकाण' म्हणून एकच नाव छापलेलं आहे, तळे पूर्व. दुसरं लिहायला जागाच नाही. शिवाय हे बघा, बाटलीवर चित्र तळ्याचंच आहे."

चित्र खरोखर तळ्याचेच होते. निळेशार पाणी, मागे डोंगर, कडेला एक हरिण. तळेबाई त्या हरणाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

तिथून त्या उपसंचालकांकडे गेल्या. उपसंचालक अत्यंत सभ्य होते. नाही म्हणतानासुद्धा ते समोरच्याला आधी पाणी देत, बाटलीतले.

"आकडे चुकलेत असं तुमचं म्हणणं आहे ना? मग दुरुस्तीचा अर्ज करा. आम्ही फेरमोजणी करू."

"कशाने?"

"यंत्राने."

"यंत्र घाण पाण्यात चालत नाही."

"बरोबर. म्हणजे ती घाण मोजता येत नाही. आणि जी मोजता येत नाही तिची नोंद मी कशी घेऊ? उद्या कोणी येऊन म्हणेल, आमच्या तळ्यात परी आहे. तीही नोंदवू का?"

तळेबाईंनी कपाळावर हात मारला. उपसंचालकांना कपाळावर हात मारणाऱ्या लोकांची सवय होती. त्यांच्या टेबलासमोरची खुर्ची त्यासाठीच जरा मागे ठेवलेली असे. मात्र माणूस नियमाला पक्का. त्यांनी होऊन सांगितले की, एक वाट आहे. प्रकटनापासून पंधरा दिवसांत नागरिकांच्या शंभर लेखी हरकती खात्याच्या पत्त्यावर आल्या, बंद लिफाफ्यात, सहीनिशी, टपालाने, तर कारवाईला आपोआप स्थगिती मिळते. हरकतींचा विषय निकाली निघेपर्यंत तळ्याला कोणी हात लावू शकत नाही.

"शंभर? फक्त शंभर?"

"फक्त शंभर. मग मी काय, माझे वरचेही काही करू शकत नाहीत. नियम म्हणजे नियम."

तळेबाई जिना उतरल्या त्या जवळजवळ पळतच. त्यांच्या दैनिकाला चार लाख वाचक होते. चार लाखांत शंभर म्हणजे काय, हातचा मळ. फेसाने भरलेल्या चपला फटक फटक वाजवत त्या संपादकांच्या खोलीत शिरल्या आणि त्यांनी अर्धे पान मागितले. वर लेख, खाली कापून पाठवायचा हरकतीचा अर्ज, त्याखाली खात्याचा पत्ता. रोज, मुदत संपेपर्यंत.

संपादकांना तळ्याबद्दल अतोनात प्रेम होते. त्यांच्या भिंतीवर एका तळ्याचे छायाचित्र लावलेले होते आणि त्यांनी नव्याने घेतलेल्या फ्लॅटचे बुकिंग 'तलावदर्शन' नावाच्या योजनेत होते. ही योजना नेमक्या कुठल्या जागेवर उभी राहणार याची त्यांनी चौकशी केलेली नव्हती. माहितीपत्रकात प्रत्येक खिडकीतून तळे दिसत होते, तेवढे त्यांना पुरे होते.

"लेख घेऊ," ते म्हणाले, "पण मथळा जरा हलका करा. 'तळ्याचा खून' नको. सकाळी चहा घेताना लोकांना खून नको असतो. आणि अर्धं पान कुठून आणू? जाहिरात हलवता येत नाही. राशिभविष्य मागे एकदा राहिलं होतं, तर एक बाई घराबाहेरच पडल्या नाहीत, त्यांच्या नवऱ्याचा फोन आला. राहिलं शब्दकोडं."

"मग तेच काढा की! पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

पान लावणारा जुना माणूस होता. त्याने चष्मा वर करून एकदा बाईंकडे पाहिले. "शब्दकोडं काढायचं?" त्याने विचारले. "बघा हं." पण ते काही कुणी मनावर घेतले नाही. त्याने शब्दकोड्याच्या चौकटीत हरकतीचा अर्ज बसवून दिला. जागा तीच, मापही तेच. अर्जातसुद्धा नाव आणि पत्ता एकेका अक्षरासाठी आखलेल्या चौकोनांत भरायचे होते, त्यामुळे पान दिसायला फारसे बदलले नाही. मथळा ठरला, 'तळे बोलावतेय!'

लेख जबरदस्त गाजला. इतका की तळेबाईंना रस्त्यात लोक थांबवू लागले. एका मोठ्या हॉटेलात 'तळ्यासाठी एक दुपार' असा कार्यक्रम झाला. आलेल्या प्रत्येकाने निळे कपडे घातले होते, तळेबाईंच्या लेखातला एक उतारा एका अभिनेत्रीने रडत रडत वाचला आणि शेवटी सगळ्यांना हरिणाचे चित्र असलेली पाण्याची बाटली भेट मिळाली. पुष्कळांनी फोनवरचे स्वतःचे फोटो हटवून तिथे तळ्याचे लावले. फोटो दुसऱ्या कुठल्या तरी तळ्याचा होता, कारण या तळ्याचा चांगला दिसत नव्हता. तळेबाई प्रत्येकाला विचारत, "अर्ज पाठवलात ना?" आणि प्रत्येक जण म्हणे, "म्हणजे काय! आज टाकतोच." काही जण तर अर्ज पाठवल्याचे इतक्या तपशिलात सांगत की बाईंना संशय घेण्याची लाज वाटे.

घरी मात्र वातावरण धुमसत होते. तळेबाईंचे वडील टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. लोकांच्या तक्रारी वाचण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती, त्यामुळे घरात काही बिनसले की ते बोलत नसत, मुद्देसूद गप्प बसत. त्या दिवसांत ते सकाळचा पेपर हातात घेत, उलटसुलट करत आणि घडी घालून बाजूला ठेवत.

"बाबा, लेख वाचलात?"

"वाचला. बरा आहे. लांब आहे जरा."

"चहाला वास येतोय का आज?"

"रोजच येतो. आजचं काय विशेष?"

बाईंना वाटले, तळ्याच्या चिंतेने म्हातारा खंगतोय. आपल्या लेखणीत एवढी ताकद आहे याचा त्यांना आनंदही झाला, आणि त्या आनंदाची त्यांनी स्वतःशीच जरा लाजत कबुली दिली.

रोज दुपारी त्या खात्यातल्या टपाल कारकुनाला फोन करत. पहिले तीन दिवस तो म्हणाला, "काही नाही." चौथ्या दिवशी म्हणाला, "अठरा आलीत." पाचव्या दिवशी, "एकोणसत्तर." सहाव्या दिवशी तो वैतागून म्हणाला, "अहो, पोती भरून टपाल येतंय. इतकी माणसं चिडलेली मी या खात्यात पाहिली नाहीत. एकशे चाळीस झाली." तळेबाईंनी फोन खाली ठेवला आणि कचेरीत सगळ्यांसमोर रडल्या. संपादकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पंधराव्या दिवशी मुदत संपली तेव्हा हरकतींची संख्या तीनशे बारा होती. खात्याच्या इतिहासात हा विक्रम होता. त्याआधीचा विक्रम चारचा.

सुनावणीसाठी दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला बाईंना बोलावणे आले. त्या नवीन चपला घालून गेल्या. उपसंचालकांच्या टेबलावर लिफाफ्यांचा डोंगर होता आणि ते स्वतः उभे राहून त्यांना सामोरे आले.

"अभिनंदन, बाई. लोकशाही जिवंत आहे."

"म्हणजे तळं वाचलं?"

"बसा ना. एक-दोन हरकती वाचून दाखवतो. नियमाप्रमाणे वाचाव्या लागतात." त्यांनी वरचा कागद उचलला. "'महोदय, गेले तीन दिवस पान सहावरील शब्दकोडे कोणतीही पूर्वसूचना न देता बंद करण्यात आले आहे. हा आमच्यासारख्या ज्येष्ठांवर उघड अन्याय आहे. ते तात्काळ पूर्ववत सुरू करावे.' पुढची. 'सध्या जे कोडे देता ते फारच सोपे आहे. सर्व उत्तरे स्वतःचेच नाव आणि पत्ता. बुद्धीला काही चालना नाही.' ही जरा कडक आहे, 'पर्यावरणाच्या नावाखाली—'"

"थांबा," तळेबाई म्हणाल्या. "या माझ्या पेपरच्या तक्रारी आहेत. या तुमच्याकडे कशा आल्या?"

"पत्ता आमचा छापलात ना त्या जागेखाली? लोकांनी दिसेल त्या पत्त्यावर पाठवल्या."

"पण यात तळं कुठंय?"

"तळं नाही," उपसंचालक शांतपणे म्हणाले. "मात्र मुदतीत आहेत, बंद लिफाफ्यात आहेत, सहीनिशी आहेत. हरकत कशाला घ्यावी हे नियमात लिहिलेलं नाही. मी एक सोडून सगळ्या वैध धरल्या."

तळेबाई बुडत्याला काडी सापडावी तशा पुढे झुकल्या. "मग स्थगिती द्या! तुम्हीच म्हणालात, शंभर आल्या की आपोआप!"

"दिली की. आज सकाळी अकराला दिली. सव्वाअकराला तुमच्या संपादकांना खात्याचं पत्र गेलं. बाराच्या आत त्यांचं उत्तर आलं, शब्दकोडं उद्यापासून सुरू. हरकतींचा विषय निकाली निघाला, स्थगिती उठली. एवढा झटपट न्याय या टेबलावर कधी झाला नव्हता."

तळेबाईंनी त्या डोंगराकडे पाहिले. "तीनशे बारांत तळ्याबद्दल एकही नाही?"

"एक होती. छान लिहिली होती, आकडेवारीसकट. पण ती आमच्याच प्रयोगशाळा सहायकाची निघाली. खात्याच्या माणसाला हरकत घेता येत नाही. ती बाद केली, आणि त्याची चौकशी लावली आहे. निवृत्तीला दोन महिने राहिले होते." उपसंचालकांनी मान हलवली, त्यांना खरोखरच वाईट वाटलेले दिसत होते. मग त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, "तुमची नव्हती ती कशी काय?"

"माझी?"

"हरकत. तुमचा अर्ज. मी स्वतः शोधला, दोनदा."

"मी पत्रकार आहे," तळेबाई म्हणाल्या. "मी... मी लिहिलं होतं ना सगळं."

"लिहिलं होतंत," उपसंचालक म्हणाले. "पाठवलं नव्हतंत."

ते खालचे काही कागद सारखे करत होते. त्यातल्या एकावर तळेबाईंची नजर गेली आणि तिथेच थिजली. अक्षर लहान, उभे, प्रत्येक मुद्द्याला क्रमांक. मुद्दा एक, गैरसोय. मुद्दा दोन, पूर्वसूचनेचा अभाव. मुद्दा तीन, अपेक्षित कार्यवाही. हे अक्षर त्यांनी लहानपणापासून शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही म्हणून पाहिले होते.

घरी पोचल्या तेव्हा बाबा नुकतेच फोनवरून कुणाशी तरी बोलून उठले होते आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसत होते.

"कळलं का? उद्यापासून शब्दकोडं सुरू करतायत. आमच्या बागेतल्या मंडळींनी ठरवून पत्रं टाकली. एकशे सहा तर आमचीच."

"बाबा, तुमच्या शब्दकोड्याच्या जागीच माझा अर्ज होता छापलेला. त्याच चौकटीत. कापायचा आणि टाकायचा."

"अगं, तो तुझ्या कामाचा भाग. त्याला लोक असतील पुष्कळ." बाबांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "तूच नेहमी लिहितेस ना, नागरिकांनी गप्प बसू नये, आवाज उठवला की यंत्रणा हलते? मला पटत नव्हतं. पण बघ, हलली की नाही! चहा टाक. तुझाही टाक."

तळेबाईंनी नळ सोडला. त्या दिवशी पाणी फिकट जांभळे होते. पहिला डंपर तळ्याकडे निघून गेल्याचा निरोप त्यांना पान लावणाऱ्याने फोन करून दिला, कारण पहिल्या पानावर फोटो घ्यायचा की नाही हे त्याला विचारायचे होते.

आता वाचकहो, बाबांना हसणे तुम्हाला सोपे आहे. पण त्या म्हाताऱ्याने लिफाफा आणला, तिकीट चिकटवले आणि गुडघे दुखत असताना टपालपेटीपर्यंत चालत गेला. खात्याच्या दप्तरात त्याचे नाव आहे, सही आहे, तारीख आहे. आलेले सगळे टपाल आम्ही दोनदा चाळून पाहिले. तुम्ही शब्दकोड्यासाठीसुद्धा काही पाठवलेले नाही.